घर वर, दुकान खाली: चोरीचा अलार्म वायरचा घ्यावा का वायरलेस?

वरचा_मजला:

नमस्कार मंडळी. आमचं खाली दुकान, त्याच्या मागच्या अंगाला छोटं गोडाऊन आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. घरात आई, बाबा, बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि एक मांजर, जी रात्रभर इकडून तिकडं फिरत असते. मध्यंतरी आमच्याच ओळीतल्या एका दुकानाचं मागचं दार पहारीने उचकटून चोरी झाली. कॅमेरे होते, रेकॉर्डिंग पण मिळालं, पण त्यात दिसतं काय तर तोंडाला फडकं बांधलेले दोघं आत येतात, सावकाश पिशव्या भरतात आणि निघून जातात. वाजलं काही नाही, उठलं कोणी नाही. तेव्हापासून आईची झोप उडालीये, खाली जरा खुट्ट झालं की उठून बसते. त्यामुळे आता हे काम लांबणीवर टाकायचं नाही असं ठरवलंय.

तीन जणांना बोलावून विचारलं तर तिघांचं तीन तऱ्हा. पहिला म्हणतो वायरलेस किट घ्या, भिंती फोडायला नकोत, सगळं मोबाईलवर दिसेल, संध्याकाळपर्यंत बसवून देतो. दुसरा म्हणतो वायरलेसच्या नादी लागू नका, वायरचंच पॅनेल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेला मुख्य डबा घ्या आणि सोबत आमचं मॉनिटरिंगचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट घ्या, अलार्म वाजला की कंट्रोल रूममधून तुम्हाला फोन येईल. तिसरा म्हणतो अलार्म वगैरे जुनं झालं, आता कॅमेरेच माणूस ओळखतात, तेच लावा. ऐकताना तिघांचंही पटतं आणि घरी आल्यावर डोक्यात नुसता गोंधळ.

मला कळत नाहीये ते असं, की वायर का वायरलेस आणि वायरलेस जॅम करता येतं, म्हणजे त्याचा सिग्नल दाबून टाकता येतो म्हणतात ते कितपत खरं, मांजरामुळे रोज रात्री बोंब होणार का, लाइट गेली तर किती वेळ चालतं, घर आणि दुकानाला एकच सिस्टीम पुरते का दोन घ्याव्या लागतील, आणि मॉनिटरिंगचे पैसे सार्थकी लागतात का. ज्यांनी बसवलंय किंवा जे या लाइनमध्ये आहेत त्यांनी प्लीज जरा सविस्तर लिहा.

पॅनेलवाला:

मी याच कामात आहे, पॅनेल बसवणं आणि दुरुस्ती दोन्ही करतो, म्हणून जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

वायर का वायरलेस हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी घरात सगळ्यांनी बसून हे ठरवा की रात्री तीनला सायरन वाजला तर पुढे काय होणार. कोण ऐकणार, कोण कुणाला फोन करणार, आणि तुम्ही सगळे गावाला गेलेले असाल तेव्हा कोण येऊन बघणार. या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर कितीही भारी सिस्टीम घ्या, ती रिकाम्या रस्त्यावर ओरडत बसते. उलट उत्तर पक्कं असेल तर साध्या सिस्टीमचाही चांगला उपयोग होतो. आणि तुमच्या बाबतीत एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, सायरन वाजला म्हणून बाबा किंवा तुम्ही काठी घेऊन खाली जायचं नाही. जिन्याचं दार आतून बंद, दिवे लावायचे, पोलिसांना फोन करायचा, सायरन वाजू द्यायचा. माल परत घेता येतो.

म्हणूनच तुमच्याकडे डिझाइन असं पाहिजे की चोर आत आल्यावर नाही तर दाराशी खटपट करतानाच वाजलं पाहिजे. पुष्कळ लोक दुकानाच्या मधोमध एक मोशन सेन्सर लावून देतात आणि झालं म्हणतात. तो वाजेपर्यंत दार तुटलेलं असतं आणि माणूस तुमच्या जिन्याखाली उभा असतो. त्यापेक्षा मागच्या दाराला, शटरला आणि गोडाऊनच्या खिडकीला पहिली फळी लावा. दाराला मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट, म्हणजे चौकटीत रीड स्विच आणि पल्ल्यावर चुंबक, दार उघडलं की चुंबक लांब जातो आणि सर्किट तुटतं. पण दार न उघडता फळीच फोडली तर कॉन्टॅक्टला पत्ताच लागत नाही, म्हणून त्याच्याच बाजूला एक शॉक सेन्सर पाहिजे जो पहारीचा पहिलाच दणका पकडतो. शटरला घरातल्या दाराचा नाजूक कॉन्टॅक्ट लावू देऊ नका, शटरसाठी जाड धातूच्या कवचातला वेगळा मिळतो, त्याची वायर पण लवचिक लोखंडी नळीतून येते. मोशन सेन्सर ही दुसरी फळी.

आता मोशन सेन्सर म्हणजे पीआयआर, त्याबद्दल नीट समजून घ्या कारण निम्म्या तक्रारी तिथून येतात. तो स्वतः काही सोडत नाही, फक्त अंगाच्या उष्णतेचे इन्फ्रारेड किरण बघतो. समोरची ती पांढरी खाचाखाचांची प्लास्टिकची भिंगपट्टी असते ना, ती खोलीचे पंख्याच्या आकारात पट्टे पाडते, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या सेन्सरला बदल जाणवतो. याचा सरळ अर्थ असा की माणूस सेन्सरच्या समोरून आडवा गेला तर लगेच पकडतो, सरळ सेन्सरच्या दिशेने चालत आला तर उशिरा. म्हणून तो दाराच्या बरोबर समोर न लावता कोपऱ्यात लावायचा, साधारण 2.1 ते 2.4 मीटर उंचीवर, असा की आत येणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल. एसीच्या झोताखाली नको, ऊन येणाऱ्या खिडकीकडे तोंड करून नको. आणि पीआयआरला साध्या काचेच्या पलीकडचा माणूस दिसत नाही, म्हणजे शोकेसच्या काचेमागे कोणी उभा राहिला तर हा गप्पच राहणार.

एक मुद्दा सेल्समन कधीच सांगत नाही. पीआयआर फरक बघतो, अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या उष्णतेतला फरक. उन्हाळ्यात शटर पाडलेलं बंद दुकान तापून 35 अंशांच्या आसपास गेलं की तो फरक जवळजवळ उरतच नाही आणि 12 मीटर रेंजचा सेन्सर बराच जवळचंच बघायला लागतो. चांगल्या सेन्सरमध्ये टेंपरेचर कॉम्पेन्सेशन असतं, म्हणजे खोली तापली की तो स्वतःला जास्त संवेदनशील करून घेतो, ते आहे का विचाराच. काही जण यावर उपाय म्हणून ड्युअल सेन्सर विकतात, म्हणजे पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र. तो चांगलाच असतो पण वेगळ्या कामासाठी. त्यात दोघांनीही हो म्हटलं तरच अलार्म होतो, त्यामुळे फॉल्स अलार्म कमी होतात, पण खोली तापून पीआयआर आंधळा झाला असेल तर एकटा मायक्रोवेव्ह काही वाजवत नाही. आणि मायक्रोवेव्ह काचेतून, पातळ पार्टिशनमधून पलीकडची हालचाल पण बघतो, म्हणून त्याची रेंज खोलीपुरती कमी करून घ्यावी लागते. ते न करताच निघून जाणारे बरेच असतात.

मांजराचं सांगतो. पेट इम्युन सेन्सर मिळतात, त्यावर 20 किंवा 25 किलोपर्यंतचा प्राणी चालेल असं लिहिलेलं असतं. ते वजन म्हणजे काटा लावलेला नसतो, जमिनीलगत फिरणाऱ्या छोट्या उष्ण वस्तूकडे सेन्सर दुर्लक्ष करतो एवढंच. मांजर कपाटावर चढलं, सेन्सरच्या जवळून उडी मारली तर त्याच्या दृष्टीने ती मोठी वस्तू. त्यामुळे वरच्या मजल्यावर रात्री मोशन सेन्सर चालू ठेवायचाच नाही. पॅनेलला स्टे मोड असतो, त्यात फक्त दारं-खिडक्यांचे कॉन्टॅक्ट आणि शॉक सेन्सर जागे राहतात, आत तुम्ही आणि मांजर खुशाल फिरा. मांजर रात्री खाली दुकानात जाणार नाही एवढं मात्र बघा.

दोन सिस्टीमची गरज नाही. पार्टिशन असलेलं पॅनेल घ्या, काही जण त्याला एरिया म्हणतात. एकाच पॅनेलवर दुकान, गोडाऊन आणि घर असे तीन भाग, प्रत्येक भाग वेगळा चालू-बंद होतो. संध्याकाळी दुकान बंद केलं की दुकान-गोडाऊन पूर्ण चालू, घर मोकळं. झोपताना घर स्टेवर.

वायर-वायरलेसवर उद्या लिहितो, कामावर निघालोय.

गोडाऊनताई:

पॅनेलवाला दादांनी छान लिहिलंय. मी वापरणारी म्हणून लिहिते, आमचं गोडाऊन आणि ऑफिस आहे आणि अलार्म बरीच वर्षं आहे.

दादा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो तर फॉल्स अलार्मचा. दोन-चार वेळा उगाच वाजला की शेजारी लक्ष देणं सोडतात आणि खरा वाजेल तेव्हाही कोणी खिडकीतून डोकावत नाही. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या चोरीच्या अलार्मच्या कॉलपैकी 94 ते 98 टक्के खोटे निघतात असं तिथल्याच अभ्यासात आहे, आणि त्यामुळे काही शहरांत खात्री झाल्याशिवाय पोलीस निघतच नाहीत. म्हणून कोटेशन घेताना मी हेच विचारते की खोटा वाजू नये म्हणून तुम्ही काय करणार. जो नुसता आमचा सेन्सर एक नंबर आहे असं म्हणतो त्याला काम देत नाही. जो आधी गोडाऊनमध्ये फिरून वर बघतो, टांगलेले बोर्ड, हलणारं प्लास्टिक, उंदरांची ये-जा, पंख्याचा वारा, शटरचा खडखडाट हे सगळं बघतो, त्याला देते.

आमच्याकडे एका कोपऱ्यातला सेन्सर पहाटेच वाजायचा. बसवणाऱ्याने दोनदा येऊन सेन्सर बदलला तरी तेच. शेवटी दुसऱ्या एका मुलाने टॉर्च मारून बघितलं तर भिंगाच्या पट्टीवरच एका बारक्या कोळ्याचं जाळं, आणि कोळी पट्टीवरून चालला की सेन्सरला वाटायचं कोणीतरी मोठं आडवं गेलं. त्याने पुसलं, वायर आत जाते ते भोक सिलिकॉनने बंद केलं, संपलं. तेव्हापासून महिन्याच्या साफसफाईत सगळ्या सेन्सरवरून कोरडं फडकं फिरवून घेते.

व्यवसायासाठी अजून एक महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाचा कोड वेगळा. सगळ्या स्टाफला मिळून एकच चार आकडी नंबर दिला की कोण कधी आलं काहीच कळत नाही आणि एखादा माणूस काम सोडून गेला की त्याच्याबरोबर तो नंबरही बाहेर गेला. वेगळे कोड असले की लॉगमध्ये दिसतं अमुक कोडने रविवारी रात्री उघडलं, आणि माणूस सोडून गेला त्याच दिवशी त्याचाच कोड काढून टाकता येतो. आणि ड्युरेस कोड करून घ्या, म्हणजे कोणी धमकावून अलार्म बंद करायला लावला तर तो कोड टाकायचा, अलार्म नेहमीसारखा बंद होतो पण गुपचूप मेसेज जातो. घरच्यांना पण तो पाठ पाहिजे.

आणि ही गोष्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहूनच घ्या: इन्स्टॉलर कोड कोणाचा. आमच्या आधीच्या कंपनीने तो स्वतःकडेच ठेवला होता. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर आम्ही दुसऱ्याकडे गेलो तर पॅनेल आमच्या पैशाचं, भिंत आमची, पण त्यात साधा फोन नंबर बदलायचा तर त्यांच्याशिवाय जमेना, आणि ते फोन उचलेनात. शेवटी पॅनेलच बदलावं लागलं. काम पूर्ण झालं की कोड बंद पाकिटात आपल्याकडे, हे आधीच ठरवा.

रात्रपाळी:

कॅमेरावाल्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिसरा माणूस म्हणतोय ते पूर्ण चुकीचं नाही, कॅमेरे आता माणूस, गाडी, जनावर यातला फरक बऱ्यापैकी करतात. पण कॅमेऱ्याने माणूस ओळखला म्हणून काय होतं तर मोबाईलवर एक नोटिफिकेशन येतं, आणि रात्री मोबाईल सायलेंट असतो. शिवाय ते सगळं राउटरच्या जिवावर. चोराने बाहेरचा मेन स्विच पाडला की राउटर गेला, कॅमेरा गेला, नोटिफिकेशन गेलं. अलार्म पॅनेलमध्ये स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं सिमकार्ड असतं हा मूळ फरक आहे. कॅमेरा ठेवा, पण खात्री करायला. अलार्म आला की फोनवर उघडून बघायचं खरंच कोणी आहे का, म्हणजे पोलिसांना सांगताना "आत माणूस दिसतोय" असं सांगता येतं आणि त्या वाक्याने फरक पडतो.

2012 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना, केंटकी आणि ओहायोच्या तुरुंगांतल्या 422 घरफोड्यांना विचारून एक अभ्यास केला होता. त्यात साधारण 83 टक्के म्हणाले की आत शिरायच्या आधी अलार्म आहे का हे बघायचा प्रयत्न करतो, आणि 60 टक्के म्हणाले की अलार्म दिसला तर दुसरं ठिकाण शोधतो. हा अभ्यास अलार्म उद्योगाशी संबंधित संस्थेच्या पैशातून झाला होता हे लक्षात ठेवूनच वाचावा, पण मला त्यातला उपयोगी भाग वाटतो तो हा की अलार्म बाहेरून दिसला पाहिजे. बाहेरचा सायरनचा डबा समोर उंचावर, हात पोचणार नाही असा, आणि एक मागच्या दाराच्या बाजूला. डब्यात स्वतःची बॅटरी असलेला सायरन घ्या, नाहीतर वायर कापली की तो मुका. आतला सायरन वेगळा, आणि तो पॅनेलजवळ लावू नका, आवाजाच्या मागावर माणूस सरळ पॅनेलपाशी पोचतो.

आणि पैसे हातात असतील तर सगळ्यात आधी ते मागचं दार बघा. चौकट भिंतीत नीट बसलेली आहे का, कुलपाची पट्टी दोन छोट्या स्क्रूवर आहे का. अलार्म चोराला अडवत नाही, तो फक्त त्याच्याकडचा वेळ कमी करतो. दार जर अर्ध्या मिनिटात उघडत असेल तर शॉक सेन्सर वाजून उपयोग काय, दाराने पाच-सात मिनिटं टिकाव धरला पाहिजे, त्या मिनिटांसाठीच तर आपण सायरन वाजवतोय.

पॅनेलवाला:

रात्रपाळींच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडून पूर्ण अनुमोदन, मी पण गिऱ्हाइकाला आधी दारंच दाखवतो.

आता वायर-वायरलेस. चांगलं वायरलेस खेळण्यातलं नसतं आणि वाईट वायरिंग हे चांगल्या वायरलेसपेक्षा नक्कीच वाईट. प्रश्न तो सेन्सर आणि पॅनेल एकमेकांशी बोलतात कसे याचा आहे. स्वस्त किटमध्ये, बहुतेक 433 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, सेन्सर फक्त वाजायच्या वेळेलाच सिग्नल पाठवतो, पॅनेल त्याला उलट काही विचारत नाही. सेन्सरची बॅटरी संपली, कोणी सेन्सर काढून नेला, तरी पॅनेलवर सगळं हिरवंच. काहींचा कोड ठरलेला असतो, कोणी तुमच्या रिमोटचा सिग्नल रेकॉर्ड करून परत सोडला तर अलार्म बंद होतो. असलं काही घेऊ नका. दोन्हीकडून बोलणारी, एन्क्रिप्शन असलेली, सुपरव्हिजन असलेली सिस्टीम घ्या. सुपरव्हिजन म्हणजे प्रत्येक सेन्सर ठराविक वेळाने पॅनेलला "मी आहे" असं कळवतो आणि नाही कळवलं तर पॅनेल तक्रार करतं. विकणाऱ्याला एकच विचारा की सेन्सर गायब झाला तर पॅनेलला किती वेळात कळतं. उत्तर लगेच आलं नाही तर समजून जा.

जॅमिंग खरं आहे, करता येतं. पण घर-दुकान फोडणारे बहुतेक जण पहार घेऊन येतात, जॅमर घेऊन नाही. चांगलं पॅनेल सततचा गोंगाट ऐकला की जॅमिंगचा अलार्म देतं, ते फीचर चालू आहे का बघा, बरेच जण बसवताना बंदच ठेवतात. युरोपात यासाठी ईएन 50131 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ग्रेड 1 ते 4 असतात. घरासाठी सहसा ग्रेड 2 आणि जिथं जास्त किमतीचा माल आहे अशा धंद्याच्या ठिकाणी ग्रेड 3 मागतात. तुमच्याकडे ते बंधनकारक असो नसो, डब्यावर ग्रेड लिहिलेला असेल तर निदान कोणीतरी तपासलंय एवढं कळतं.

वायरवाल्यात एक गोष्ट स्वतः उघडून बघा. प्रत्येक झोनच्या, म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाणाऱ्या वायरच्या, टोकाला एक छोटा रेझिस्टर असतो, एन्ड ऑफ लाइन म्हणतात, तांदळाएवढा, रंगीत पट्ट्यांचा. तो सेन्सरच्या डब्यात पाहिजे. आळशी माणूस सगळे रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच जोडतो कारण तिथं उभं राहून एका जागी काम होतं, आणि चालू केल्यावर दिसायला सगळं ठीकच दिसतं. पण मग दिवसा कोणी येऊन सेन्सरकडे जाणाऱ्या दोन वायर सोलून एकमेकींना जोडल्या तर पॅनेलला रेझिस्टर दिसतच राहतो, म्हणजे झोन कायमचा ठीक, रात्री दार उघडलं तरी ठीक. रेझिस्टर टोकाला असेल तर वायर जोडल्याक्षणी पॅनेलला शॉर्ट दिसतो आणि फॉल्ट येतो. पैसे द्यायच्या आधी बसवणाऱ्याला एका सेन्सरचं झाकण उघडायला सांगा, आणि पॅनेलचा डबा पण उघडायला सांगा. पॅनेलमध्ये रेझिस्टरची रांग दिसली तर काम परत करून घ्या.

बॅटरीचं गणित सोपं आहे. बहुतेक वायरच्या पॅनेलमध्ये 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते. पॅनेल, कीपॅड आणि सेन्सर मिळून 200 मिलीअँपिअर घेत असतील तर कागदावर 35 तास येतात, प्रत्यक्षात कमी, कारण बॅटरी जुनी होत जाते आणि सायरन वाजला की एकदम जास्त ओढतो. तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलायचीच, फुगायची वाट बघू नका. आणि वर्षातून दोनदा मेन बंद करून सिस्टीम रात्रभर बॅटरीवर सोडा, सकाळी सायरन वाजवून बघा. नुसता बॅटरीचा दिवा हिरवा आहे म्हणून काही सिद्ध होत नाही.

सिमकार्डचं पण बघा. बाजारात अजून टूजीवर चालणारे डायलर, म्हणजे अलार्म झाला की सिमवरून फोन-मेसेज करणारे भाग, मिळतात, कितीतरी देशांत टूजी नेटवर्क बंद झालीयेत आणि काही ठिकाणी थ्रीजीसुद्धा. फोरजी मॉड्यूलच घ्या, आणि जमलं तर दोन रस्ते ठेवा, इंटरनेट आणि सिम दोन्ही, एक पडला तर दुसऱ्याने मेसेज जातो.

मॉनिटरिंगबद्दल माझं मत, घरात माणसं असतात तोवर तुम्हाला फारशी गरज नाही. तुम्ही वर्षातून बरेच दिवस घर-दुकान बंद ठेवून जात असाल तर घ्या. पण घ्यायच्या आधी ट्रायल मागा, रात्री न सांगता अलार्म वाजवा आणि घड्याळ लावून बघा फोन किती मिनिटांत येतो आणि तुम्ही फोन उचलला नाही तर ते पुढं काय करतात. "आम्ही परत फोन करतो" हे उत्तर असेल तर ते काम दोन विश्वासू शेजारी आणि पॅनेलमधले चार नंबर पण करतात.

सोल्डरिंग:

थोडी भर. तुमच्याकडे वर वायर ओढायला भिंती फोडाव्या लागतील आणि खाली दुकानात केसिंग-पट्टीतून सहज जाईल असं असेल तर हायब्रिड पॅनेल घ्या, खाली वायर आणि वर वायरलेस. मला या केसमध्ये तेच योग्य वाटतं. दुकानाच्या शटरच्या आत वायरलेस कॉन्टॅक्ट शक्यतो नको, लोखंडी शटर आणि लोखंडी रॅकमध्ये सिग्नल मरतो, दुकान रिकामं असताना टेस्ट पास होते आणि माल भरल्यावर अडचण सुरू होते. सिग्नलची टेस्ट शटर पाडून, माल भरलेला असताना घ्या. आणि पॅनेलची वायर ज्या बोर्डातून येते त्याला चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन करा, वीज कडाडली की आधी कीपॅड आणि डायलर जातात.

वरचा_मजला:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या तपशिलात कोणीच सांगितलं नव्हतं. काल मागच्या दाराची चौकट हलवून बघितली तर वरचा कोपरा चक्क हलतो, सुताराला बोलावलंय. हायब्रिड पॅनेल, तीन भाग, मागच्या दाराला आणि खिडकीला शॉक सेन्सर, शटरला जाड कॉन्टॅक्ट, दुकान-गोडाऊनमध्ये एकेक मोशन, घरात स्टे मोड असं पक्कं करतोय. मॉनिटरिंग सध्या नाही, दोन शेजाऱ्यांशी बोललोय, त्यांचे नंबर टाकणार.

एकच शंका राहिली. बाबांना कीपॅडची धास्ती वाटते, ते म्हणतात चुकून वाजला तर मला बंद करता येणार नाही आणि सगळी आळी गोळा होईल. आई तर म्हणते मी हातच लावणार नाही. अशाने तो रोज चालू कोण करणार हा प्रश्न आहे.

पॅनेलवाला:

हा प्रश्न अगदी महत्त्वाचा आहे, कारण चोरी झाल्यावर आम्ही लॉग काढतो तेव्हा बऱ्याचदा सिस्टीम चांगलीच असते, त्या रात्री चालूच केलेली नसते.

बाबांना कोड देऊ नका, टॅग द्या. किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा बिल्ला असतो, कीपॅडला टेकवला की चालू, परत टेकवला की बंद, आकडे पाठ करायला नकोत. एंट्री डिले 30 सेकंद मिळतो साधारण, तो त्यांच्यासाठी 45 करून घ्या, म्हणजे दार उघडल्यावर कीपॅड बीप करत असतो तोवर सावकाश जाऊन टॅग टेकवता येतो. कीपॅड आत येण्याच्या वाटेवरच पाहिजे आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, माझ्या उंचीवर नाही, बसवताना त्यांनाच समोर उभं करा. मागच्या दाराला आणि खिडकीला मात्र डिले अजिबात नको, तिथं लगेच वाजलं पाहिजे. दुकान-गोडाऊन रात्री ठरलेल्या वेळेला आपोआप चालू होईल असं पण लावता येतं, आधी थोडा वेळ बीप करून सांगतं.

आणि बसवल्यावर पहिले आठ-दहा दिवस सायरन जोडूच देऊ नका, फक्त कीपॅडच्या बीपवर चालवा. आई-बाबांना मुद्दाम चुका करू द्या, दार आधी उघडा, टॅग विसरा, चुकीचं बटण दाबा, बघा काय होतं ते. बाहेर आवाज जाणार नाही म्हटल्यावर भीती जाते. रोज सकाळी लॉग बघा, एखादा सेन्सर रात्री उगाच वाजत असेल तर त्याच दिवसांत सापडतो, तेवढी जागा नाहीतर दिशा बदलून घ्या. लॉग दोन-तीन रात्री सलग स्वच्छ आला की सायरन जोडायला बोलवा, आणि त्या दिवशी शेजाऱ्यांना आधी सांगून दुपारी एकदा पूर्ण वाजवून दाखवा, म्हणजे हा आवाज कुणाकडचा ते त्यांना ओळखू येईल.